तय्यबाची अट

कतारमधल्या बिरकत अल अवामेर इथल्या एका कामगार-वसाहतीत वली परकार कॅम्प बॉस आहेत. या पदाच्या नावात जितका रुबाब आहे, तितका कामात नाही. माणसांना पलंग नेमून देणे, हे त्यांचे काम. नेपाळहून, बिहारहून, तेलंगणातून आलेली माणसे बसमधून उतरतात, बॅगा पायांशी ठेवून रांगेत उभी राहतात, आणि वलीभाई एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहून खोली व पलंग सांगतात. घोरणारा आणि पहाटेच्या पाळीचा यांना एकत्र ठेवायचे नाही. नुकताच बाप झालेल्याला खिडकीजवळची जागा, कारण फोनची रेंज तिथे धड मिळते. एका गावचे दोघे आले तर शेजारी द्यावेत, एका घरातले दोघे आले तर मात्र मजला वेगळा. सख्ख्या भावांचे भांडण तिसऱ्याला सोडवता येत नाही. पलंगाबरोबर प्रत्येकाला एक कपाट, चपलांसाठी फळीवरची एक जागा आणि सामाईक फ्रीजमधला अर्धा कप्पा. ज्याचे त्याला आधीच ठरवून दिले की निम्मी भांडणे उद्भवतच नाहीत, असे ते नव्या सुपरवायझरांना सांगतात. ते खरेही आहे.

स्वतः वलीभाई या व्यवस्थेत इतकी वर्षे मुरले होते, की ती त्यांच्या अंगाची सवय झाली होती. कॅम्प बॉस म्हणून त्यांना स्वतंत्र खोली होती; तरीही सामाईक खोलीत राहिलेल्या जुन्या दिवसांसारखी त्यांनी पलंगाभोवती चादर टांगलेली असे. त्या चादरीच्या आत त्यांचा संसार होता. संसार म्हणजे शुक्रवारचा फोन.

जैतापूरच्या खाडीकाठी त्यांचे घर. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांतच ते कतारला आले, आणि तेव्हापासून वर्षातून एकदा महिनाभराच्या रजेवर गावी जात राहिले. त्या महिन्यात घर माणसांनी भरलेले असे. आई होती तोवर रजेवर पहिला हक्क आईचा. मग बहिणी, मेहुणे, कोणाचा निकाह ठरवायचा, कोणाच्या वाटणीत मध्यस्थी करायची. वलीभाई आल्याचे कळले की पडवीत चटया पसरल्या जात आणि महिना संपेपर्यंत त्या गुंडाळल्या जात नसत. तय्यबा, म्हणजे त्यांची बायको, या सगळ्याला चहा पुरवीत असे. नवराबायकोचे बोलणे असे ते काही दिलेघेतलेले विचारण्यापुरते.

बोलणे व्हायचे ते शुक्रवारी. जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून वलीभाई चादर ओढून घेत आणि फोन लावत. तिकडे तय्यबा मागच्या अंगणातल्या धोंड्यावर बसलेली असे. ती बोलणारी बाई होती. कौले कोणत्या बाजूने फुटली, मुलगी समीना सासरी कशी रमली, शेजारची सुरय्या आपल्या कोंबड्या आमच्या परसात अंडी घालायला कशी पाठवते आणि वर अंडी मोजून मागायला येते, हे सगळे ती असे सांगे की चादरीआड वलीभाई तोंडावर उशी दाबून हसत. ती उभी आहे की बसली आहे, काही लपवते आहे की नुसतीच दमली आहे, हे त्यांना तिच्या श्वासावरून समजे. तिचा चेहरा मात्र, खरे सांगायचे तर, त्यांना नीट आठवत नसे. दर रजेत तो थोडा निराळा निघे, आणि तो ओळखीचा होईतो परतीचे विमान येई.

गेल्या वर्षी कंपनीने त्यांना बढती दिली. कॅम्प त्यांच्याकडेच राहिला, पण आता बायकोला जवळ आणता येणार होते. दोहातल्या मन्सूरात वाण्याचे दुकान चालवणारा रहमान फावल्या वेळात घरे भाड्याने मिळवून देत असे. मूळचा श्रीवर्धनकडचा, वलीभाईंना मामू म्हणायचा. त्याने जवळच्या बिन महमूद भागात दोन खोल्यांचा एक फ्लॅट दाखवला.

"मामू, हॉल बघा. आख्खी बिरादरी बसेल."

"बिरादरी नको रे बाबा. एक बाई बसली तरी बस झालं."

"मामीला सांगा, खाली फिलिपिनो सलून पण हाय."

"ती मला त्या सलूनात बसवील आणि आपण भाव करील."

रहमान हसला. घरमालक वलीभाईंसाठी थांबायला तयार होता, पण फार नाही. मार्च उजाडायच्या आत होकार हवा होता.

आई जाऊन बरेच दिवस झाले होते. मुलगा सुफियान पुण्यात नोकरीला लागला होता. तय्यबाने न येण्याचे एकही कारण उरलेले नव्हते. त्या शुक्रवारी वलीभाईंनी फ्लॅटचे वर्णन केले, खिडक्यांपासून मोरीपर्यंत, आणि शेवटी म्हणाले, "तर मग कागदपत्रं पाठवू?"

 पलीकडे एक कोंबडी ओरडलेली त्यांना ऐकू आली.

"अवो, एक विचारू?" तय्यबा म्हणाली. "मी तुमच्यासंगं राहिलेय कवा?"

"म्हणजे? लग्नाला इतकी वर्षं झाली."

"लग्नाला झाली. राहायला? रजा म्हणजे राहणं नाय. रजेत तुमी पाव्हण्यांचे, मी चुलीची. हितं माझं घर हाय, माझी माणसं हायत, पाण्याच्या नळापासून मशिदीच्या वर्गणीपर्यंत मला विचारल्याबिगर पान हलत नाय. ते टाकून यायचं, तर कुणासाठी यायचं ते बघाया नको?"

"बघून घे की. फोटो पाठवू?"

"चेष्टा नको. कुठंतरी जाऊ. जिथं तुमचं कुणी नाय, माझं कुणी नाय, चहाला कुणी यायचा नाय. आठ दिवस ऱ्हाऊ. मग मी काय ते सांगीन."

अट ऐकून वलीभाईंना आधी हसू आले आणि मग थोडी भीती वाटली. अशी जागा त्यांना माहीत नव्हती. माणसे नसलेली जागा शोधण्याचा प्रसंग त्यांच्यावर कधी आलाच नव्हता. त्यांनी हे कंपनीतल्या एका स्पॅनिश इंजिनियरच्या कानावर घातले. कोविडच्या दिवसांत हा इंजिनियर कॅम्पमध्येच अडकून पडला होता आणि वलीभाईंच्या हातची कोलंबीची आमटी खाऊन तगला होता. तो म्हणाला, मेनोर्का नावाच्या बेटावर माझ्या मावशीचे घर आहे; हिवाळ्यात ते बंदच असते. फेब्रुवारीत तिथे वाऱ्याशिवाय कोणी नसते. किल्ली घेऊन जा.

व्हिसाचे सोपस्कार तय्यबाच्या बाजूने सुफियानने निस्तरले आणि घरात सगळ्यांना सांगितले की अब्बा अम्मीला युरोप दाखवायला नेतायत. सुरय्याने तय्यबाला विचारले, "या वयात हनिमून?" त्यावर तय्यबा म्हणाली, "हनिमून नाय गो, परीक्षा हाय." "कुणाची?" "तेच बघाया चाललेय." हा संवाद तिने वलीभाईंना शुक्रवारी सांगितला, आणि दोघेही पोट धरून हसले.

मुंबईहून आलेली तय्यबा दोहाच्या विमानतळावर त्यांना भेटली. पुढचा सगळा प्रवास दोघांनी शेजारच्या खुर्च्यांवर बसून केला, आणि इतका वेळ शेजारी बसण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती. तिने खिडकीजवळची जागा मागितली नाही. त्यांनी ती दिली. तिने आभार मानले नाहीत, पण ओढणी सारखी केली. बार्सिलोना गेले, छोटे विमान आले, आणि संध्याकाळच्या पिवळट उजेडात खाली बेट दिसू लागले: सपाट, हिरवे, आणि काळपट रेघांनी चौकोन-चौकोन केलेले.

"गडगे!" तय्यबा मोठ्याने म्हणाली. कोकणात वाडीच्या कडेने बिनचुन्याचे दगड रचून घालतात तसेच ते होते, फक्त मैलोन्‌मैल. "अवो, ह्यांच्यात पण वाटण्या झाल्यात वाटतं."

घर एका मासेमारीच्या गावात होते. पांढऱ्या भिंती, हिरवी दारे, आणि गल्लीत बहुतेक दारे बंद. उन्हाळ्यात गजबजणारी हॉटेले खुर्च्या उलट्या करून झोपली होती. एक वाणी, एक बेकरी, बंदरावर जाळी दुरुस्त करणारे दोन-तीन म्हातारे, आणि उत्तरेकडून येणारा वारा. इतकी नीरव जागा वलीभाईंनी पाहिली नव्हती. कॅम्पमध्ये शांतता अशी नसतेच. कोणाचा ना कोणाचा पंखा, नळ, खोकला चालू असतो.

त्यांच्या मनात तय्यबाला सुखात ठेवण्याखेरीज काही नव्हते. म्हणून दार उघडताच त्यांनी पहिल्याप्रथम तेच केले, जे त्यांना उत्तम येत होते. घर पाहून घेतले आणि वाटून दिले. खिडकीकडची बाजू तिची. मोठे कपाट तिचे, दाराआडचे लहान आपले. दोन टॉवेलांना दोन खुंट्या, तिची वरची. चपलांची जागा ठरवली. शेवटी फ्रीज उघडून म्हणाले, "वरचा कप्पा तुझा, खालचा माझा."

"आणि मधला?"

"मधला कॉमन."

तय्यबा हसायला लागली ती खुर्चीवर बसेपर्यंत हसतच राहिली. "कॉमन! अवो, मी नेपाळहून आलेय काय?"

वलीभाईही हसले. पण कप्पे तसेच राहिले.

पहिल्या दिवशी ते सगळे तिला गमतीचे वाटले. ते उठताच आंघोळ उरकून तयार होत, आणि मोरीत त्यांच्या आंघोळीची एक खूण नसे. साबण साबणदाणीत घालून ते खोलीत परत आणत. कॅम्पमध्ये मोरीत साबण विसरणे म्हणजे साबण दान करणे. चहा स्वतःपुरता करून, पिऊन, कप धुऊन, पुसून आपल्या जागेवर ठेवत. तिने तळलेले मासे वाढले की पटपट जेवत, ताट उचलून धूत, आणि ती अजून दुसऱ्या घासाशी असताना हात पुसत म्हणत, "तू सावकाश होऊ दे." हा त्यांच्या मते आदर होता. कॅम्पच्या मेसमध्ये जेवण झाल्यावर जागा अडवून बसण्यासारखा दुसरा उद्दामपणा नसे. समोर कोणीतरी जेवत असताना नुसते बसून राहायचे असते, त्यात काही काम नसते तरी ते करायचे असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

तय्यबाचेही काही सरळ नव्हते. ती कोणाला विचारून काही करायचे विसरून गेली होती. सकाळी ते बाहेर येऊन पाहत, तर ती बंदरापर्यंत जाऊन परत आलेली असे. ते "आज कुठं जायचं?" असे विचारायला तोंड उघडत, तर तिने बसची वेळ काढलेली असे. रस्त्याने ती पुढे चाले. मागे वळून पाहण्याची सवय तिला नव्हती, कारण मागे कधी कोणी नसे. दोनदा त्या अरुंद गल्ल्यांत वलीभाई चुकले. ती त्यांना शोधायला परत आली नाही. ते मागे नाहीत हे तिच्या ध्यानात आले ते एकदाच, तेही घरी पोचल्यावर.

एके दिवशी ती दोघे बसने बेटाच्या पश्चिमेकडच्या मोठ्या गावी गेली. तिथे हिरव्या-पांढऱ्या फरशांच्या भिंतींचा एक जुना मासळीबाजार होता. तय्यबाने ओढणी खोचली. तिने माशाचे कल्ले उघडून पाहिले, नाक मुरडले, दुसरीकडे गेली, म्हाकुळाचा रंग बोटाने तपासला, आणि कोळिणीला शुद्ध कोकणीत सुनावले, "बाय, हा कालचा हाय. मला नको शिकवू." कोळीण स्पॅनिशमध्ये काहीतरी तितक्याच ठसक्यात बोलली. दोघींचे चांगले पाच-सात वार झाले आणि अखेर कोळिणीने बर्फाखालून एक ताजा बांगडा काढून दिला व तय्यबाच्या गालाला हात लावला. वलीभाई पिशवी धरून मागे उभे होते. ही बाई त्यांनी शुक्रवारी ऐकली होती, पाहिली नव्हती. त्यांना इतका आनंद झाला की काहीतरी बोलावेसे वाटले. बरेच शोधून ते म्हणाले, "चांगला दिला."

"हां," ती म्हणाली.

बसमध्ये दोघे दोन खिडक्यांतून बाहेर पाहत होते. गडगे मागे जात होते, त्यांच्यामधली लाकडी फाटके जात होती, आणि प्रत्येक चौकोनात एखाद-दुसरी गाय वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. तय्यबाला भाषेवाचून एका परक्या बाईशी जे जमले, ते आपल्याला जमत नाही, हे वलीभाईंना समजत होते. पण काय बोलायचे? कौलांविषयी विचारावे, तर कौले इथे नव्हती. सुरय्याविषयी विचारावे, तर इतक्या दिवसांत तिलाही सुरय्या दिसलेली नव्हती. त्यांच्या बोलण्याचा सगळा माल अंतराने पुरवलेला होता.

मग शुक्रवार आला.

जवळपास मशीद नव्हती. वलीभाईंनी घरीच दुपारची, जोहरची नमाज पढली, जेवले, ताट धुतले. त्यानंतर मात्र त्यांना चैन पडेना. ते या खोलीतून त्या खोलीत गेले. तय्यबा स्वयंपाकघर आवरून मागच्या चौकात जाऊन बसली होती. तिथे एक दगडी ओटा होता. तीही उगाच ओढणीचे टोक पिळत होती. दूध आणतो असे सांगून वलीभाई बाहेर पडले. वाणी दुपारचा बंद होता. ते बंदराच्या कठड्यावर बसले, आणि त्यांच्या हाताने, त्यांना फारसे न विचारता, फोन लावला.

पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

"जेवलीस?" वलीभाईंनी विचारले.

"जेवले की." तय्यबाचा आवाज होता; अगदी तोच, श्वासासकट. "बांगड्याचं कालवण केलं होतं. तुमी?"

"मीपण बांगडाच."

"बरा होता?"

"मीठ जरा पुढं होतं."

"मग सांगायचं नाय होय? तोंडात काय बोळा होता?" आणि ती हसली. पाठोपाठ वलीभाईही हसले, कठड्यावर एकटेच. जाळी शिवणाऱ्या म्हाताऱ्याने मान वर करून पाहिले.

"तुमाला एक सांगू काय?" ती म्हणाली. आता ती पाय वर घेऊन बसली असणार, हे त्यांना कळले. "माझ्या घरात सध्या एक माणूस ऱ्हायला आलाय."

"कसला माणूस?"

"चांगलाय बिचारा. पण साबण घेऊन पळतो. मला वाटतं, त्याला वाटतं मी त्याचा साबण खाईन. जेवला की ताट धुऊन असा उभा ऱ्हातो की मला वाटतं मेस बंद करायची वेळ झाली. मी घास गिळू की चावू?"

"त्याला सांग की, बस म्हणून."

"कसं सांगू? पाव्हणा माणूस."

वलीभाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाले, "आणि त्याची बायको कशी हाय?"

"ती? ती तर बिलंदर. नवऱ्याला रस्त्यात टाकून पुढं जाते."

"दोनदा टाकलं."

"दोनदा? खरं? मला एकदाच वाटलं." पलीकडे ती इतकी हसली की तिला ठसका लागला. "काय करील ओ ती तरी. तिला संगं कुणी असायची सवय नाय."

खूप वेळ दोघे बोलले. वाऱ्याबद्दल बोलले, कोळिणीच्या अंगठ्यांबद्दल बोलले, समीनाला इथून काय न्यावे यावर वाद घातला. तय्यबाने सांगितले की विमान खाली येताना तिला भीती वाटली होती आणि त्यांचा हात धरावासा वाटला होता. "मग धरायचा," वलीभाई म्हणाले. "तुमी तो पट्ट्याखाली घालून बसला होता," ती म्हणाली. ते म्हणाले, बाजारात तू कोळिणीशी भांडलीस तेव्हा मला तुझा अभिमान वाटला. ती म्हणाली, "मग 'चांगला दिला' काय म्हणालात? मला वाटलं बांगड्याला म्हणालात."

आपण जिला इतकी वर्षे चादरीआड ऐकत आलो, ती बाई या घडीला चार गल्ल्यांपलीकडे बसलेली आहे, ही गोष्ट वलीभाईंना एकदम उमगली. त्यांनी फोन बंद केला नाही. कानाशी धरूनच ते उठले आणि चालू लागले. ती बोलत होती, ते हुंकार देत होते आणि पावले भराभर टाकत होते. एक वळण ते चुकले, परत आले. हिरव्या दाराशी पोचले तेव्हा तिचा आवाज त्यांना दोन्हीकडून येत होता, फोनमधून आणि भिंतीपलीकडून. त्यांनी दार लोटले, घर ओलांडले आणि चौकाच्या उंबऱ्यावर उभे राहिले.

तय्यबाने वर पाहिले. तिचा चेहरा उजळलेला होता. हसण्याने डोळे ओले होते. तो चेहरा वलीभाईंनी पूर्वी कधी पाहिलेला नव्हता. एखादा श्वास घ्यावा इतकाच वेळ तो तसा राहिला. मग तिने पाय खाली सोडले, ओढणी डोक्यावर घेतली, फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"दूध मिळालं नाय?" तिने विचारले.

"दुकान बंद हाय."

"असू दे. कोरा चहा ठेवते."

ती त्यांच्या बाजूने, अंग चोरून, आत गेली. वलीभाई ओट्यावर बसले. दगड तिच्या बसण्याने अजून उबदार होता. त्यांना वाटले, ती चहा घेऊन आली की आपण सांगू: तू मघाशी जे सांगत होतीस, त्याचे पुढे काय झाले? चहा आला. दोघांनी तो प्याला. त्यांनी कप उचलला, धुवायला निघाले, आणि अर्ध्या वाटेत थांबून परत येऊन बसले. धुवायचा नसलेला कप हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले. तय्यबाने ते पाहिले. तिला त्यातला सगळा यत्न समजला असावा, कारण तिने मान दुसरीकडे वळवली.

राहिलेले दिवस नीट गेले. दोघेही एकमेकांशी फार चांगले वागत होते. ती रस्त्यात थांबू लागली. ते ताटावर बसून राहू लागले. पण थांबताना ती घड्याळ पाही, आणि बसताना त्यांची बोटे मेजावर वाजत. कोणीच कोणावर रागावले नाही. रागावायला थोडे तरी आपलेपण लागते.

निर्णय तिने परतीच्या विमानात सांगितला. दोहा जवळ आले होते. खाली वाळवंट आणि त्यावर रेषेरेषेने लागलेले दिवे दिसू लागले होते.

"मी नाय येत," ती म्हणाली. आवाज हलका होता, पण डळमळीत नव्हता. "तुमी वाईट नाय. तुमच्यासारखा माणूस शोधून मिळायचा नाय. पण मी आले ना, तर त्या फ्लॅटात तुमी हितं नि मी तितं बसून ऱ्हाऊ. आणि मग शुक्रवारी मी कुणाशी बोलू?"

 वलीभाईंनी पुढच्या खुर्चीमागची फळी दुमडून बंद केली. मग त्यांच्या मनात असे काही आले, जे या साऱ्या काळात एकदाही आले नव्हते. ती कतारला येईल का, हा प्रश्न त्यांनी हजार वेळा मनात घोळवला होता. दुसरा प्रश्न विचारण्याची गरजच त्यांना वाटली नव्हती. त्याचे उत्तर ते गृहीत धरून जगत आले होते.

"बरं," ते म्हणाले. "मग मी येऊ? कायमचा?"

तय्यबा उत्तर द्यायला थांबली नाही, आणि तेच वाईट झाले.

"या की," ती तत्परतेने म्हणाली. "घर तुमचंच हाय."

तिच्या स्वरात अगत्य होते. पडवीत आलेल्या कोणालाही ती याच स्वरात असे म्हणत असे, आणि त्याच्यासाठी चटई पसरत असे. म्हणून झाल्यावर तिलाही ते ऐकू आले. ती काहीतरी सावरायला गेली, पण विमान टेकले, पट्टे सुटले, माणसे उभी राहिली.

मुंबईच्या विमानाला वेळ होता. पुढे एक जागा अशी येते, की डावीकडे कतारमध्ये शिरणारे आणि उजवीकडे पुढे जाणारे वेगळे होतात. तय्यबा सवयीने पुढे चालत होती. वलीभाई तिची हातातली बॅग घेऊन तिच्या मागोमाग उजवीकडे वळले. अडवणारा तरुण आपल्याकडचाच होता. त्याने तिचा बोर्डिंग पास पाहून तिला सोडले, त्यांचा पाहिला आणि अदबीने हात आडवा धरला.

"सर, आपका तो दोहा तक ही है."

"हां, हां. मालूम है," वलीभाई म्हणाले. त्यांनी बॅग त्याच्या हातात दिली. त्याने ती तिच्याकडे पोचवली. तय्यबा थांबली होती, मागे वळून उभी. "संभाळून जा," ते म्हणाले. "तुमी पण," ती म्हणाली, आणि मागून येणाऱ्या माणसांनी तिला पुढे नेले.

त्याच आठवड्यात त्यांनी मन्सूरात जाऊन रहमानला सांगितले, की फ्लॅट दुसऱ्याला दाखव.

"का ओ मामू? मामीला आवडला नाय?"

"तिनं बघितलाच नाय."

"मग फोटो तरी पाठवा. इन्शाल्ला पुढच्या वर्षी..."

"नाय रे. खलास," वलीभाई म्हणाले आणि तांदळाच्या गोणीवर टेकले. रहमानने गिऱ्हाईक सोडून त्यांना पाणी दिले.

आज ते बिरकत अल अवामेरलाच आहेत. निवृत्तीचे वय जवळ आले आहे. कायमचे गावी कधी जाणार, असे नवे सुपरवायझर विचारतात, तेव्हा ते कामाची सबब सांगतात. शुक्रवारचे बोलणे थांबलेले नाही. तय्यबा हसवते, ते हसतात. मात्र अधूनमधून, ती ऐन रंगात आलेली असताना, ते मध्येच गप्प होतात, आणि पलीकडून ती विचारते, "ऐकताय ना?" ते ऐकत असतात. ती नेमकी कशी दिसत असेल, हे आता त्यांना ठाऊक आहे. आपण दारात उभे राहिलो की ते दिसेनासे होते, हेही.